गुडघा नातीचा, व्यायाम तिघांचा: बेळगावकडच्या एका पैलवान पोरीचं प्रकरण

बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, घरच्यांना विचारून लिहितोय. पोरगी 18 वर्षांची, फ्रीस्टाइल कुस्ती खेळते, शाळेत माझ्याकडे पीटीला होती, नंतर एका क्रीडा वसतिगृहात सिलेक्शन झालं आणि तिथून राज्य पातळीपर्यंत गेली. नोव्हेंबर 2023 मध्ये प्रॅक्टिसला दुहेरी पट, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडायचा डाव, काढताना समोरचीचं वजन आडवं गुडघ्यावर आलं, पाय मॅटवर रुतलेला आणि वरचं अंग फिरलं, आतून कट्ट आवाज आला म्हणते. एमआरआयमध्ये दिसलं की एसीएल, म्हणजे गुडघा आतून घट्ट धरणारं लिगामेंट, पूर्ण फाटलंय. डिसेंबरात ऑपरेशन झालं, मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून त्याचं नवीन लिगामेंट बसवलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, नऊ महिने मॅट विसर.

हे नऊ महिने डॉक्टर उगाच सांगत नाहीत बरं का. नॉर्वेत 2016 साली झालेल्या अभ्यासात दिसलंय की नऊ महिन्यांपर्यंत जितका एकेक महिना जास्त थांबाल तितकं पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्यानं खाली येतं. आमच्याकडचे पोरंपोरी सहाव्या महिन्यातच पट्टी बांधून उतरतात आणि परत तेच.

घरी कोण कोण, तर आज्जा 72 वर्षांचे, जुने लाल मातीतले पैलवान, आई काजू फॅक्टरीत सोलायला जाते, वडील उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला, आणि एक धाकटा भाऊ जो या प्रकरणात फक्त चार्जर पळवण्यापुरता आहे.

वसतिगृहानं सामान घेऊन घरी पाठवलं. सुरुवातीला मैत्रिणींचे फोन यायचे, मग त्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि फोन बंद, कोचचा तर एकही नाही. मी भेटायला गेलो तेव्हा पोरगी बाजल्यावर पाय लांब करून, पंखा बंद, खिडकी बंद, मोबाईलवर स्वतःच्याच जुन्या कुस्त्या बघत बसलेली. रात्री दोन-अडीचपर्यंत जागी, सकाळी दहाला उठणार, एक दिवस नुसता चहा आणि एक दिवस खा खा. बाहेर पडायची नाही कारण कट्ट्यावर बसलेलं प्रत्येक माणूस विचारणार, "काय गं, कवा उतरनार?" फिजिओनं दिलेले व्यायाम चार दिवस केले आणि सोडले. ऑपरेशननंतर मांडी किती पटकन सुकते ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, तिनं टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या होत्या आणि तो फरक बघून परत टेप हातात घेतली नव्हती.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, शाळेतला पीटी मास्तर आहे. तरी डब्ल्यूएचओ-5 म्हणून पाच प्रश्नांची एक साधी चाचणी असते, गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, उठल्यावर ताजं वाटलं का, अशा धर्तीचे प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 मार्क, एकूण 25. 13 च्या खाली बेरीज आली की नीट तपासून घ्यावं असं मानतात. तिची खालीच आली, बरीच खाली. म्हणून आधी डॉक्टरांच्या कानावर घातलं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला, त्या नंबरवर तिनं एकदा फोन केला हे मला नंतर कळलं. हे आधीच सांगून ठेवतोय म्हणजे पुढचं वाचून कोणी नुसते घरगुती व्यायाम करून औदासिन्य बरं होतं असं समजू नये.

खेळाडूंचं एक असतं. 1993 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी खेळाडू म्हणून असलेली ओळख मोजायची एक मोजपट्टी केली, आणि तेव्हापासून हे बऱ्याचदा दिसलंय की ज्याची सगळी ओळख खेळावरच उभी असते त्याला दुखापत जास्त लागते, म्हणजे गुडघ्याला नाही, आतमध्ये. या पोरीला दहाव्या वर्षापासून गावात पैलवान म्हणूनच हाक मारतात. कुस्ती गेली तर ती कोण? कामाची पोरगी तर नाही, अभ्यासाची तर नाहीच नाही.

आता आज्जाकडे या.

आज्जानं तरुणपणी खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडच्या जत्रांतली मैदानं मारलेली, नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून पुढं इनामाच्या कुस्त्या. त्यांच्या तालमीत हनुमानाची मूर्ती, हौद्यात ताक, तेल, हळद, कापूर घालून मळलेली माती, आणि बाईमाणसाला आत पाऊल नाही. ही पोरगी लहानपणी तालमीच्या खिडकीला लोंबकळून बघायची. ती कुस्तीला गेली तेव्हा आज्जानं विरोध केला नाही खरं एकपण कुस्ती बघायला गेले नाहीत. "गादीवरची कुस्ती काय कुस्ती हाय व्हय?" एवढंच.

दुखापत झाल्यावर मात्र आज्जाला तोंड फुटलं. हाडवैद्याकडं न्या, तेल लावून ओढून घ्या, आमच्या टायमाला खांदा निखळला तरी दुसऱ्या दिवशी जोर मारायचो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बैठका. पोरगी जरा चालायला लागली तशी हे म्हणे रोज शंभर बैठका काढ, मांडी आपोआप भरंल. पूर्ण खाली बसून मारायची ती बैठक नव्या लिगामेंटला पहिल्या महिन्यांत अजिबात नको, फिजिओनं साठ अंशापर्यंतच वाकवायला सांगितलेलं. तर सुरुवातीला पिढ्या एकत्र आल्या त्या भांडायलाच. जे लोक म्हणतात घरात म्हातारी माणसं असली की पोरांचं मन आपोआप सांभाळलं जातं, त्यांनी त्या जानेवारीत त्या घरात दोन तास बसायला पाहिजे होतं.

सायकलची ट्यूब

फरक पडायला लागला तो कोणी ठरवून नाही. फिजिओचा कागद इंग्रजीत होता. मी तिला म्हटलं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काडीमाणसं काढ, कुठला व्यायाम, किती वेळा. तिनं काढली, भिंतीला चिकटवली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच बाजल्यावरून घासत आणायची. रबरी पट्टा विकत आणायचा होता, त्याऐवजी भावाच्या सायकलची जुनी ट्यूब कापली, एक टोक चौकटीच्या बिजागरीला बांधलं आणि दुसरं गुडघ्यामागं.

आज्जाचे दोन्ही गुडघे झिजलेले. जमिनीवर बसले की उठायला खांब लागतो, देवळात खुर्ची लागते, आणि पैलवान माणूस म्हणून ते कोणाला सांगायचंही नाही. आईनं पहिल्यांदा बघितलं, दुपारी पोरगी झोपलीय आणि आज्जा दुसऱ्या बाजल्यावर चोरून पाय उचलायला बघतायत, भिंतीवरच्या चित्राकडं बघून. आणि पाय वर धरवत नाही, चारपर्यंत मोजलं की थरथरून खाली. हजार बैठका मारणारा माणूस.

आईनं पोरीला सांगितलं, पोरगी हसली. हसली म्हणजे पोट धरून, आई म्हणते ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मग संध्याकाळी तिनं आज्जाला सरळ विचारलं, "आज्जा, तू पण करालास व्हय रे?" आज्जा म्हणाले, "गप बस. मोज."

इथं योगायोग असा की गुडघ्याच्या झिजेला आणि एसीएलनंतरच्या गुडघ्याला सुरुवातीचे व्यायाम बरेचसे सारखे लागतात, दोन्हीकडे मांडीच्या पुढचा स्नायू जागा करायचा असतो. झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम हा पहिला उपचार हे आता सगळीकडचे डॉक्टर सांगतात. फिजिओला विचारून घेतलं, आज्जाचं बीपी बघून घेतलं. आणि मग दोघं दोन बाजल्यांवर, सकाळी सहाला, एकदम. एक मोजणार आणि दोघं उचलणार. आज्जाचा पाय पडला की पोरगी पण सोडून देणार नाही, पोरीचा कंटाळा आला की आज्जा म्हणणार अजून तीन राहिल्यात.

सहाला उठायचं म्हणजे दोनपर्यंत जागून चालत नाही, तर झोपेचा निम्मा प्रश्न तिथंच सुटला. आज्जा हाक मारत नव्हते, नुसतं बाजलं ओढायचे, त्या फरशीवरच्या आवाजानं अख्खं घर उठायचं.

एकत्र व्यायामाबद्दल एक प्रयोग मला फार आवडतो, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वल्हं मारणाऱ्या टीमवरचा, 2010 चा. तेच खेळाडू, तेवढीच मेहनत, एकदा एकट्यानं आणि एकदा सगळ्यांनी एका लयीत, तर लयीत केल्यावर दुखणं सहन करायची ताकद जास्त भरली. प्रयोग छोटा होता, डझनभर पोरं, आणि सगळी एकाच वयाची. पण आमच्याकडं तालमीत पंधरा जण एका सुरात जोर मारतात त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही एवढंच. वसतिगृहातून आल्यावर पोरीच्या आयुष्यातून ती लय गेली होती, आणि परत मिळाली ती 72 वर्षांच्या थरथरत्या पायाबरोबर.

आई व्यायामाला आली ती मार्चमध्ये. दिवसभर मांडी घालून काजू सोलायचे, कंबर धरलेली. ती पूर्ण वेळ येऊच शकत नव्हती, चूल, डबे, फॅक्टरीची गाडी. दहा मिनिटं, भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक आणि एका पायावर उभं राहणं, बस. आपल्याकडं बायकांना काम हाच व्यायाम असं सगळे म्हणतात, बायका सुद्धा. तिनं मला जे सांगितलं ते लक्षात राहण्यासारखं होतं, म्हणाली, "सर, त्या धा मिंटात मला कोण च्या मागत न्हाई."

एका पायावर उभं राहण्याची तर घरात शर्यतच लागली. 2022 साली ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या लोकांवर झालेला अभ्यास होता, दहा सेकंद एका पायावर उभं राहता येत नाही त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. हे मी पोरीला सांगितलं आणि तिनं ते आज्जाच्या तोंडावर सांगितलं, पैलवान पोरींना नाजूकपणा नसतो. आज्जा खांब धरून तीन सेकंद, मग पाच. पोरगी शेजारी हात पुढं करून उभी, पडले तर धरायला. स्वतःच्या गुडघ्याकडं लक्ष नाही, आज्जाच्या घोट्याकडं लक्ष. मला विचाराल तर फरक इथं पडला. इतके महिने सगळे तिच्या गुडघ्याची चौकशी करत होते, आता ती कोणाच्यातरी गुडघ्याची काळजी करत होती आणि त्यात तिला जास्त कळत होतं. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की माणसाला आतून बरं वाटायला तीन गोष्टी लागतात, स्वतःच्या मर्जीनं करणं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटणं आणि कोणाशी तरी जोडलेलं असणं. मॅटवर तिला दुसरी मिळायची, बाकीच्या दोन कोचच्या मूडवर. सकाळी सहाला फरशीवर तिन्ही मिळत होत्या.

एप्रिलमधली जत्रा

आणि मग आज्जानं सगळं विस्कटलं.

गावची जत्रा एप्रिलमध्ये. नात बरी होतेय बघून आज्जाचा ऊर भरून आला आणि कट्ट्यावर सांगून बसले की पुढच्या वर्षीच्या मैदानात माझी नात उतरणार, मी जोड लावणार. घरी येऊन तिला शिकवायला लागले, ढाक अशी मार, एकलांगी अशी भर. मोजायची पद्धत बदलली, "अजून तीन" च्या जागी "एवढ्यात दमलीस?" यायला लागलं. त्यात वडील, जे व्यायामात कधी नव्हते पण शिफ्टवरून आले की विचारणार स्पोर्ट्स कोट्याचं काय झालं, कधी उतरणार. माणूस वाईट नाही, ऑपरेशनचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, पण त्या दोन प्रश्नांवर पोरगी ताटावरून उठलेली मी बघितलीय.

तिनं सकाळचं उठणं बंद केलं. ती पाच प्रश्नांची टेस्ट परत करून घेतली नाही पण करायची गरज नव्हती, तोंडावर दिसत होतं.

ते सुटलं कसं तर आईनं सोडवलं. सून सासऱ्याला बोलली, आमच्याकडं हे सोपं नसतं. "मामा, तुमी तिचं वस्ताद न्हवं. वस्ताद तिला तिकडं हाय. तुमी तिचं जोडीदार हाय, तेवढंच राव्हा." आज्जा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजलं ओढल्याचा आवाज आला.

या प्रकरणातून मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. माणसं तीच, घर तेच, व्यायाम तोच. आज्जा शेजारी पाय उचलत होते तोवर पोरीचं मन वर येत गेलं, समोर उभं राहून मोजायला लागले तसं खाली गेलं. खेळाडूच्या आयुष्यात तिला जोखणारी माणसं आधीच भरपूर असतात, कोच, सिलेक्टर, पंच, वजनकाटा. घरातला व्यायाम तिथं अजून एक तपासनीस उभा करणार असेल तर न केलेला बरा. हे मी पोरांच्या वडिलांना पालक सभेत सांगतो तेव्हा त्यांना पटत नाही, सकाळी बाईकवरून पोराच्या मागं हॉर्न वाजवत त्याला पळवणारे बाप आमच्या रस्त्यावर रोज दिसतात.

एक दिवस मुद्दाम सांगण्यासारखा. 6 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिम्पिक, विनेश फोगाटची जपानच्या युई सुसाकीबरोबरची कुस्ती. विनेशच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्ट 2023 मध्ये झालं होतं, म्हणजे या पोरीच्या जेमतेम चार महिने आधी, त्यामुळं घरात तिचं नाव सारखं निघायचं. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला, आज्जा पुढं वाकून, पोरगी पॉइंट समजावतेय, बाहेर गेली की एक, खाली पाडली की दोन. सुसाकी आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर हरलेली नव्हती. शेवटच्या काही सेकंदात विनेशनं 3-2 नं मारली आणि आज्जानं मांडीवर अशी थाप मारली की तांब्या पडला. गादीवरची कुस्ती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण बघितली.

दुसऱ्या दिवशी फायनलच्या सकाळी 100 ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून विनेश बाद. पोरगी दिवसभर गप्प. बसून बसून तिचं वजन वाढलेलं होतं आणि ती भीती तिनं तोवर कोणालाच सांगितली नव्हती. संध्याकाळी आज्जाला सांगितली, बाहेर अंगणात, दोघं ट्यूब बांधून चालत असताना. आज्जानं उपदेश केला नाही म्हणे, फक्त सांगितलं की आमच्यात वजन बघतच नव्हते, हातात हात देऊन अंदाज घ्यायचे. उपयोगाचं काही नाही त्यात, पण तिनं बोलून टाकलं. पुढं वजनाचं फिजिओनं ओळखीच्या आहारतज्ज्ञाकडून नीट करून घेतलं.

आता काय स्थिती

नऊ महिने झाल्यावर उडीच्या आणि ताकदीच्या टेस्ट घेतल्या, एका पायाची ताकद अजून कमी भरली म्हणून आणखी थांबली, आणि मग मॅटवर. पहिलीच कुस्ती हरली, पॉइंटवर. त्या रात्री जेवली आणि झोपली, आईनं मला फोन करून हेच सांगितलं, निकाल नंतर सांगितला. एसीएलच्या ऑपरेशननंतर परत स्पर्धेत उतरणारे निम्म्याहून थोडेच जास्त असतात, जगभरच्या अभ्यासांत साधारण 55 टक्के, आणि मागं राहणाऱ्यांत गुडघा बरा होऊनही भीतीनं न उतरणारे बरेच. ती उतरली. डब्ल्यूएचओ-5 ची बेरीज 13 च्या चांगली वर आहे.

याचं श्रेय कशाला किती हे एका प्रकरणावरून कोणी सांगू शकत नाही. गुडघा बरा झाला तसं मन पण थोडं आपोआप बरं झालं असणार, झोप सुधारली, फिजिओ चांगला होता, 14416 वर कोणीतरी ऐकून घेतलं. कोपनहेगनमधल्या 2018 च्या त्या गाजलेल्या अभ्यासातही चारचौघांत खेळायच्या टेनिस-बॅडमिंटनवाल्यांचं आयुष्य एकट्यानं पळणाऱ्यांपेक्षा जास्त भरलं होतं, पण टेनिस खेळणारी माणसं मुळातच खाऊनपिऊन सुखी असतात हा भाग त्यातून वेगळा काढणं अवघड. तरी कुठल्या आठवड्यात ती वर आली आणि कुठल्या आठवड्यात खाली गेली हे मी जवळून बघितलंय.

सगळ्यात जास्त फायदा कोणाला झाला म्हणाल तर माझ्या मते आज्जाला. खांब न धरता जमिनीवरून उठतात, देवळातली खुर्ची सोडली. अडचण आता आहे ती पोरगी वसतिगृहात परत गेल्याची, गेल्यापासून आज्जाचं निम्मं बंद पडलंय. 65 च्या वरच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं डब्ल्यूएचओ म्हणतंय, आज्जाचे दोन पण नीट होत नाहीत. एकट्यानं मोजायला बोअर होतं म्हणतात. व्हिडिओ कॉल करून बघितला, रेंज नाही. आईच्या दहा मिनिटांत ते येतात, पण सुनेसमोर पाय थरथरलेला त्यांना आवडत नाही.

तालमीत पोरींना अजून प्रवेश नाही. आज्जानं जुन्या लोकांकडं विषय काढलाय, हौद्यात नको तर नको, निदान बाजूच्या खोलीत मॅट टाकू द्या म्हणून. दोघं हो म्हणालेत, बाकीचे दिवाळीनंतर बघू म्हणालेत. मॅटचा खर्च कोण करणार यावर गाडी अडलीय, पंचायतीला अर्ज कन्नडमधून द्यायचा म्हणून तो मी लिहून घेतोय.